ठेवून गेलेली भांडी

एखादी गोष्ट नुसती तोंडानं सांगितली तर समोरच्याला कळते, यावर आमच्या बाबांचा विश्वासच नव्हता. अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांना कारकुनाची जागा मिळाली, तिथं ते राहायच्या दोन खोल्या ठरवून आले, आणि येताना त्या खोल्यांच्या मापाची सुतळी सोबत घेऊन आले. वलगावच्या आमच्या अंगणात त्यांनी ती ताणली, चुलीतली राख टोपलंभर मागवली, आणि सुतळीच्या कडेकडेनं राख सोडत एकाला एक लागून दोन चौकोन आखले. मग हात झटकून म्हणाले, "ह्या दोन खोल्या. रेघेच्या आत बसंल ते अकोल्याले, नाई बसलं ते इथंच. आता मले कोनी काही इचारू नोका."

असं म्हटल्यावर कोण विचारल्याशिवाय राहतं? माय रेघेबाहेर उभी होती. तिनं विचारलं, "अन् आंगन?"

"वरच्या मजल्यावर आंगन कुठून येईल?"

"मंग भांडे कुठी घासाचे?"

"खाली. नळ आहे."

"खाली म्हंजे कोनाच्या घरात?"

"कोनाच्याच नाई. सगळ्यायचा नळ आहे."

"सगळ्यायचा म्हंजे कोनाचा?" माय म्हणाली, आणि बाबांनी डोक्याला हात लावला. खरं सांगते, मायचं म्हणणं मला त्यात जास्त बरोबर वाटलं होतं.

आमचं घर म्हणजे काही वाडाबिडा नव्हता. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे ओसरी, मागे गोठा. पेढी नदीच्या अंगाला आमचा बगिचा: वांगी, मेथी, कोथिंबीर, आणि बांधानं झेंडू नि शेवंती. बाबांचे थोरले भाऊ, ज्यांना मी मोठेबाबा म्हणायची, ते मोट हाकायचे. बाबा सातवी शिकलेले; त्यांच्या हातात मोटेचा दोर शोभलाच नाही कधी. बगिच्यावर दोन घरं नीट चालत नव्हती, म्हणून बाबांनी नोकरी धरली. पण वाटणी मागितली नाही, आणि आपण वाटणी मागितली नाही हे ते दिसेल त्याला सांगत सुटायचे. मोठेबाबा मान हलवायचे. त्यांच्या मान हलवण्याचा अर्थ काय, हे मला अजून कळलेलं नाही.

घरात चूल एकच. मोठी माय, म्हणजे मोठ्याबाबांची बायको, चुलीवर भाकरी टाकायची आणि माझी माय शेजारच्या वैलावर भाजी शिजवायची. वैल म्हणजे चुलीलाच जोडलेलं दुसरं तोंड. लाकडं एकच, जाळ दोघींचा. मोठ्या मायच्या लेकी नांदायला गेल्या होत्या. त्यामुळे दिवसभर त्या दोघी आणि मधेमधे लुडबुड करायला मी.

मी त्या वर्षी शाळेत जात होते. मास्तरांनी सांगितलं होतं, वऱ्हाड हे खरं तर निजामाचं, पण त्यानं ते इंग्रजाकडे कायमचं ठेवायला दिलंय, आणि इंग्रजानं ते चालवायला नागपूरच्या सरकारकडे सोपवलंय. माझं डोकं गरगरलं. घरी येऊन मी मायला विचारलं, मंग आपुन कोनाचे? माय म्हणाली, "आपुन मोठ्या मायच्या हाताखालचे. जाय, शेन आन." तेवढं मात्र कळलं.

आता ऐका मायनं काय केलं. रेघेच्या आत तिनं जे जे आणून ठेवायला सुरुवात केली ते पाहून मलासुद्धा वाटलं, हिला झालंय काय? बुडाला डाग देऊन झाळलेला पाण्याचा गडवा, एक कान तुटलेला भाजीचा गंज, पाय हलणारा पाट, कड उसवलेलं सूप, रंग विटून गेलेली वाकळ. आणि माहेरून आलेला पाण्याचा मोठा पितळी गुंड, कणीक भिजवायचं रुंद कोपर, कसांडी, काशाची जड ताटं, हे सगळं तिनं चिंच लावून घासलं, उन्हात वाळवलं, आणि परत आत चुलीजवळच्या फळीवर, जिथल्या तिथं मांडून ठेवलं.

बाबा संध्याकाळी आले आणि त्यांनी रेघेत डोकावून पाहिलं. "अक्कल बजारात इकून आली काय तू? फुटकं घेऊन जातं अन् चांगलं टाकून जातं?"

"टाकून नाई जात. ठेवून जातो."

"कायले?"

 बाबांना तिनं ताकाला तूर लागू दिली नाही, पण मला सांगितलं होतं. दुपारी गुंड घासताना ती एकदम म्हणाली होती, "भांडे तिथी आहेत तवर चूल एक आहे. भांडे निंघाले का वाटनी झाली. अन् वाटनी झाली का मी ह्या घरात पाहुनी. समजलं?"

"नाई," मी म्हणाले.

"मंग चिंच घास," माय म्हणाली.

म्हणजे आम्ही जात होतो, पण जात नव्हतो. घर सोडायचं होतं, पण सुटू द्यायचं नव्हतं. मला वाटलं मोठं झाल्यावर कळेल. डोंबलाचं कळतंय!

बरं, बाबांचंही काही धड नव्हतं. त्यांनी ठरवलं की आपल्या वाट्याचं जे रेघेत बसत नाही आणि मोठ्या मायलाही लागत नाही, ते गावात देऊन टाकायचं. दिलं. आमची एक बाज तेलिणीला दिली. ती आनंदानं बाज डोक्यावर घेऊन गेली आणि तासाभरात तेलाचा बुधला घेऊन आली. म्हणाली, जाणाऱ्या बाईकडून रिकाम्या हातानं कसं घ्यावं? शेजारणीला शिंकं आणि दोन मडकी दिली; तिनं नवीकोरी गोधडी आणून दिली. कोणाला रांजण दिला, त्यांच्याकडून पापडांचा डबा आला. कुरड्या आल्या, मुगवड्या आल्या, लोणचं आलं. आमच्याकडे रीतच होती, कोणाचं भांडं घरात आलं की ते रिकामं परत पाठवायचं नाही, आणि निघालेल्या माणसाला तर मुळीच रिकामं सोडायचं नाही. बाबा एक वस्तू दारातून बाहेर काढायचे आणि दोन आत यायच्या. चौकोन भरले, वर आले, आणि सामान रेघेवरून बाहेर ओसंडलं.

त्यात ती रेघ रोज सकाळी अंगण झाडताना पुसली जायची. बाबा चरफडत परत सुतळी ताणायचे, आणि माय म्हणायची, आज खोली कालच्यापेक्षा लहान झाली. बाबा म्हणायचे, खोली कशी लहान होईल, सुतळी तीच आहे! गावातलं एक कुत्रं आमच्या अकोल्याच्या स्वयंपाकघरात खुशाल झोपलेलं असायचं. मोठी माय तेवढी त्या रेघांना मान द्यायची. काही ठेवायला आली की बाहेरच थांबून विचारायची, "भिंतीतून कशी येऊ मी? दार कुठी काढलं ते सांग." बाबा हसायचे. ती हसत नव्हती. ती दाराची जागा विचारून तिथूनच आत पाय टाकायची आणि तिथूनच बाहेर पडायची.

संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. बंडी दारात लागली, गाव गोळा झालं, सगळ्या बायांनी मायला कुंकू लावलं. मोठी माय बाहेर आलीच नाही. मी आत पळत गेले तर ती चुलीपुढे बसलेली. म्हणाली, "तुम्ही निंघा. माही भाकर जळून राहिली." तव्यावर भाकर नव्हती. मी मायला ते सांगितलं नाही. सांगून तरी काय सांगणार?

अकोल्याची इमारत तिमजली. खाली कापडाचं दुकान, मधल्या मजल्यावर आम्ही आणि आणखी तीन बिऱ्हाडं, वर आणखी कोणी. पहिले काही दिवस तर मला हेच उमगेना की आमची जमीन म्हणजे दुसऱ्याचं छप्पर आहे. मायला तर मुळीच नाही. पहिल्याच सोमवारी ती पहाटे उठली, शेण कुठून मिळवलं देव जाणे, आणि दारापुढच्या लाकडी सज्ज्यात तिनं ऐसपैस सडा घातला. वर रांगोळी काढली. फळ्यांच्या फटींतून सगळं शेणपाणी खाली दुकानदाराच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर टपटपलं. तो जिन्यातूनच ओरडत आला, "बाई, काय करून राहिल्या तुमी?" माय पदर सावरून म्हणाली, "माह्या दारात सडा घालून राहिली." तो म्हणाला, "तुमचं दार माह्या डोक्यावर आहे ना पण!" आता दोघंही खोटं बोलत नव्हते. बाबांनी त्याच्यापुढे हात जोडले, आणि त्यानंतर माय ओल्या फडक्यानं बोटभर सडा घालायची. आणि घालताना डोळे मिटून घ्यायची.

पाण्याचं निराळंच. अकोल्याचं विहिरीचं पाणी खारं. तुरीची डाळ चुलीवर तासन्‌तास ठेवा, शिजेल तर शपथ. नळाला पाणी आलं की बायांची रांग, आणि त्या रांगेत माझी माय एक कान तुटलेला गंज आणि झाळलेला गडवा घेऊन उभी. शेजारणीनं एकदा दया येऊन आपली कळशी पुढे केली. मायचा चेहरा असा लाल झाला! म्हणाली, "ठेवा तुमची. आमचे चांगले भांडे वलगावले आहेत." शेजारीण बिचारी बरं म्हणाली आणि मला वाटतं तिचा विश्वास बसला नाही. चांगली भांडी आहेत तर ती वापरायला नकोत का? पण माय ज्या तोऱ्यात तो गळका गडवा वर घेऊन यायची, तो तोरा मी पुढे कोणत्या श्रीमंत बाईत पाहिला नाही. जिन्याभर पाण्याची धार लागायची. ती मागे वळूनही पाहत नव्हती.

रात्रीचं जेवण झालं की ती मला विचारायची, "आता बाई काय करत असंल?" बाई म्हणजे मोठी माय. मी काहीतरी ठोकून द्यायची: दळत असंल, निजली असंल. माय म्हणायची, "माह्याच कोपरात कनिक भिजवत असंल." आणि ते म्हणताना तिला बरं वाटायचं. तेवढ्यावर ती अकोल्यात राहत होती, हे मला आता समजतं. तेव्हा मला फक्त भांड्यांचा राग यायचा.

आषाढात एके दिवशी सकाळी टांगा येऊन दारात उभा राहिला आणि त्यातून मोठेबाबा उतरले. सोबत पोती. एक, दुसरं, तिसरं. टांगेवाला आणि ते मिळून जिन्यावर चढवत होते. मी आनंदानं नाचले. पोतं सोडलं, आणि आत आमचा पितळी गुंड! चिंच लावून असा घासलेला की त्यात माझं तोंड दिसलं. आणि तो काठोकाठ ज्वारीनं भरलेला. कसांडीत लोणचं, कोपरात फडक्यात बांधलेल्या मुगवड्या, ताटांच्या मधे मधे सांडगे. एकही भांडं रिकामं नव्हतं. मोठेबाबा घाम पुसत बाबांना म्हणाले, "तुह्या वयनीनं पाठवले. रिकामं भांडं कसं पाठवावं, म्हने."

बाबा खूष. "चला, बरं झालं! आता गळक्या गडव्यातून सुटका."

मी मायकडे पाहिलं. ती दाराआड उभी होती. मोठेबाबा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ; त्यांच्याशी ती समोरासमोर कधी बोलत नव्हती. पदर नाकापर्यंत ओढून तिनं मला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाली, "मोठ्याबाबाले इचार, बाईनं काही सांगतलं काय."

मी विचारलं. मोठेबाबा माझ्याकडे पाहून, पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हेच का रिकामं पाठवू नाई."

"इचार, भांडे काहून पाठवले."

मी विचारलं. "तिले सांग, मले नाई मालूम बापा. तिनं भरले, म्या उचलले."

मग मायनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. "इचार, वाटनी झाली काय."

आणि मी मूर्खासारखं, खणखणीत आवाजात विचारलं, "मोठेबाबा, वाटनी झाली काय?"

मोठ्याबाबांच्या हातात चहाची बशी होती. ती तिथंच राहिली. बाबा ताडकन उठले, "कोनं शिकवलं हे पोट्टीले? कोनती वाटनी? म्या मांगतली का कधी वाटनी?" मोठ्याबाबांचा चेहरा असा झाला जसं कोणी त्यांना चोर म्हटलं. "माह्या तोंडात वाटनीचं नाव तरी आलं काय?" ते माझ्याकडे पाहून म्हणाले. मी काय सांगणार? मी रडायला लागले. बाबा मायवर चिडले, माय आत गेली, मोठेबाबा दुपारीच स्टेशनवर जाऊन बसले. कोणी कोणाला काही केलं नव्हतं, आणि तरी सगळे दुखावले होते.

त्यानंतर आमच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. राखेच्या रेघेत न मावणारं सगळं भिंतीच्या आत येऊन बसलं होतं. गुंड सज्ज्यात ठेवला तर शेजारी ठेचकाळायचे, आत ठेवला तर आम्ही. आणि माय त्यातलं एकही भांडं वापरेना! पाणी त्याच गळक्या गडव्यात, भाजी त्याच कानतुटक्या गंजात. बाबा म्हणायचे, "नव्हते तवा त्यायचं कौतुक, आता आले तं हात लावत नाई. हे काय आहे?" माय म्हणायची, "ते वाटनीचे आहेत." बाबा ओरडायचे, "अवं, पण वाटनी झाली नाई!" "मंग हे काय आहे?" आणि ती गुंडाकडे बोट दाखवायची. बाबा टोपी घालून बाहेर पडायचे, आणि मी तर विचारायचंच सोडून दिलं होतं. ज्वारीत उंदीर शिरले. तरी तिनं गुंड रिकामा केला नाही. रात्री एकदा ती मला म्हणाली, "बाईनं मले काढून टाकलं." साधं सांगावं तसं म्हणाली आणि कूस बदलली. मला मोठ्या मायचा इतका राग आला की मी मनात तिच्याशी कट्टी केली.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. महालक्ष्म्या थोरल्या घरीच बसायच्या, म्हणजे वलगावला. बाबा म्हणाले, निघा. माय म्हणाली, बोलावणं आलं काय? बाबा म्हणाले, घरच्या महालक्ष्म्या, बोलावणं कशाचं? "तेच तं मी म्हंतो," माय म्हणाली. आता यात ती जायचं म्हणत होती की नाही जायचं? बाबांनी काहीच न विचारता तिकिटं काढली.

वलगावला बंडी दारात थांबली आणि मोठी माय बाहेर आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिनं मायच्या पायांवर पाणी घातलं. मग ओसरीवर पाट टाकला आणि म्हणाली, "बस." ज्या बाईनं त्या घरात वर्षानुवर्षं राख काढली, तिला पाट! मायनं एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, एकदा पाटाकडे, आणि बसली. मुकाट्यानं बसली, हेच मला भयंकर वाटलं.

त्या सणाला सोळा भाज्या, आंबील, पुरण. घरात बाईमाणूस कितीही असलं तरी कमीच. आत मोठी माय आणि गावातल्या दोघीतिघी घामाघूम, आणि बाहेर माझी माय हात मांडीवर ठेवून बसलेली. मी आत-बाहेर धावत होते. "मोठी माय, मायले बलाव ना." "तिनं यावं. तिचे का पाय बांधले?" बाहेर येऊन: "माय, तू जाय ना आत." "बलावल्याबिगर कशी जाऊ?" दोघींना माझ्याकरवी काही सांगायचं नव्हतं, आणि मीच मधे मरत होते. जेवणाच्या वेळी मायला पाहुण्यांच्या पंगतीत वाढलं. मोठ्या मायनं स्वतः पुरणावर तुपाची धार धरली, थांबवलं तरी थांबेना. माय जेवली. काय जेवली ते तिलाच ठाऊक.

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ आली. बाबा बाहेर बंडीवाल्याशी बोलत होते. मोठी माय कुंकवाचं ताट, तांदूळ, नारळ आणि खण घेऊन मायसमोर आली. ओटी भरायला. आमच्या घरात ओटी भरायची ती माहेरी आलेल्या लेकीची, नणंदेची, परक्या सवाष्णीची. घरातली जाऊ घरातल्या जावेची ओटी भरत नव्हती.

मायनं पदर मागे ओढला. "माही ओटी काहून भरता बाई? मी तुमची जाऊ आहो, नंनद नाई."

मोठी माय ताट घेऊन एकदम मागे सरली. कुंकू तांदळांवर सांडलं.

"भांडे काहून पाठवले?" माय एका दमात म्हणाली. "माह्या हातून काय झालं ते तरी सांगाचं होतं. वाटनी करायची होती तं तोंडानं सांगाचं. मी का नाई म्हटलं असतं?"

"वाटनी?" मोठी माय म्हणाली. तिला खरोखरच काही समजलं नव्हतं. तिनं ताट खाली ठेवलं आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली. "तुह्या गुंडातून पानी काढलं का मले वाटे तू आंगनातच आहे. म्या तुले हाका मारल्या वं. 'भाजी उतरव' म्हनून. मोठ्यानं. शेजारच्या बाया आयकत. एक दिवस तुहं ताट वाढलं अन् वाट पाहत बसली. तुह्या भासऱ्यानं आयकलं, त्यायले वाटलं बाईचं डोक्सं फिरलं. गावात हसून राहिले मले. त्या फळीकडे पाहावसं वाटे ना. मंग म्या सारे भांडे घासले अन् पाठवून देल्ले. न दिसलं तं बरं, म्हटलं." आणि मग तिला हुंदका आला. "तू ठेवून गेली अन् निंघून गेली. मी कुठी जाऊ?"

माय पुढे झाली आणि तिच्या गळ्यातच पडली. दोघी जावा ओसरीवर उभ्या राहून ढसाढसा रडल्या, नाकं पुसली, आणि मग मोठी माय रडता रडता हसली, "अवं, वाटनी म्हने! येडी का खुडी तू?" माय पण हसली. मी तर टाळ्या पिटायचीच बाकी होते. चला, मिटलं! माझी कट्टीही सुटली. मोठ्या मायनं ताट उचललं आणि मायनं आता पदर पुढे पसरला. तांदूळ, नारळ, खण. मोठ्या मायनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि अगदी पोटातून म्हणाली, "येत जाय माय. अशीच येत जाय."

मायनं ओटी पदरात सावरली. मग वाकून पाया पडली आणि बंडीत येऊन बसली.

बंडी गावाबाहेर पडली. बाबांनी विचारलं, "मिटलं ना एकदाचं?"

"मिटलं," माय म्हणाली, आणि ओटीचा पदर दोन्ही हातांनी धरून रडायला लागली.

"आता काय झालं?"

"बाईनं मले येत जाय म्हटलं."

"मंग? चांगलंच म्हटलं ना?"

"चांगलंच म्हटलं," माय म्हणाली. "घरच्या मानसाले कोनी येत जाय म्हंत नाई."

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं, बंडीवाल्याकडे पाहिलं, आणि त्याला म्हणाले, "हाक बापा, गाडी चुकंल."